पहिली लिफ्ट पकडायची का? आधी रात्रीचा पारा बघा

उजव्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झाल्यापासून मला दिवसाला साधारण चार तास स्कीइंग झेपतं. पाचव्या तासाला मांडी थरथरायला लागते, वळण घ्यायला उशीर होतो, आणि मी थांबते. तारेवर लटकणाऱ्या खुर्च्यांमधून डोंगरावर नेणाऱ्या लिफ्ट साधारण साडेआठ-नऊला सुरू होतात आणि दुपारी चारच्या सुमाराला बंद होतात. त्या सात तासांतले माझे चार कोणते, हे मला रोज ठरवावं लागतं. गेले नऊ हंगाम मी एका वहीत लिहून ठेवते आहे: रात्रीचं तापमान, आभाळ कसं होतं, लिफ्ट प्रत्यक्षात किती वाजता हलली आणि पहिल्या उतारावर बर्फ कसा लागला. लवकर जावं का, असं कुणी विचारलं की मी त्या वहीच्या आधाराने सांगते: ऐन हिवाळ्यात हो, हंगामाच्या शेवटी बहुधा नको. दोन्हींना अपवाद आहेत, पण ते आदल्या रात्रीच ओळखता येतात.

आधी हिवाळ्याचं बघू. संध्याकाळी लिफ्ट बंद झाल्यावर उतारांवर ग्रूमर, म्हणजे बर्फ सपाट करणारी अवजड यंत्रं, फिरतात. दिवसभरात माणसांनी खरवडून बाजूला लोटलेला बर्फ ते परत ओढून आणतात, फिरत्या दातांनी फोडतात आणि मागच्या पट्ट्याने दाबून सपाट करतात. त्याच पट्ट्यामुळे उतारावर कॉर्डरॉय कापडासारख्या बारीक रेघा उठतात. फोडलेले कण एकमेकांना धरायला काही तास लागतात. म्हणून संध्याकाळी लवकर फिरवलेला उतार सकाळपर्यंत घट्ट होतो, आणि पहाटे फिरवलेला पहिल्या तासाभरातच उखडायला लागतो. कोणते उतार कधी करतात हे लिफ्टवरच्या कर्मचाऱ्यांना विचारलं तर ते सांगतात. मी दर वेळी पहिल्याच दिवशी विचारून घेते.

त्या रेघा पहिल्या तासातच असतात. साडेदहापर्यंत माणसं वळण घेतात त्या जागी बर्फाचे छोटे ढीग होतात, आणि ढिगांमध्ये खालचा टणक, चकाकणारा थर उघडा पडतो. तुमचे गुडघे धडधाकट असतील तर हे चालून जातं. मला चालत नाही. ढिगावरून टणक थरावर आणि परत ढिगावर जाताना प्रत्येक वेळी गुडघ्याला हिसका बसतो. सकाळी नऊ ते साडेदहात मी जितक्या निर्धास्तपणे वळते, तितकी नंतर दिवसभर वळू शकत नाही.

रात्री वीस-पंचवीस सेंटिमीटर ताजा बर्फ पडला असेल तर पहिल्या लिफ्टची ओढ सगळ्यांनाच असते, कारण न मोडलेला बर्फ तासा-दीड तासात संपतो. पण अशा दिवशी नऊला रांगेत उभं राहणं म्हणजे नऊला शिखरावर पोचणं नव्हे. वरचे उतार उघडण्याआधी गस्तीचं पथक हिमस्खलनाचा धोका तपासतं, गरज पडली तर स्फोट करून साठलेला बर्फ मुद्दाम खाली पाडतं. त्याला तासही लागतो, कधी अर्धा दिवसही. वर वारा असेल तर लिफ्ट बंदच राहते. अशा सकाळी मी खालच्या, झाडांमधून जाणाऱ्या लिफ्टने सुरुवात करते. झाडांमुळे वारा अडतो आणि धुरकट उजेडातही उताराचा चढउतार दिसतो. वरची लिफ्ट उघडणार असं दिसलं की मगच तिकडे सरकते. आखलेल्या उताराबाहेर जायचं असेल तर त्या दिवसाचं हिमस्खलनाचं पत्रक वाचल्याशिवाय जाऊ नका. 1 ते 5 अशी धोक्याची पातळी त्यात दिलेली असते. 3 म्हणजे मधला आकडा, म्हणून तो मध्यम वाटतो, पण त्याचा अर्थ 'लक्षणीय' धोका असा आहे.

आता हंगामाचा शेवट. हे मी एका एप्रिलमध्ये शिकले. सवयीने साडेसहाला उठले, रांगेत पहिली होते. आदल्या दुपारी बर्फ इतका वितळला होता की बूट घोट्यापर्यंत रुतत होते. रात्र निरभ्र होती, आणि वर उतरले तेव्हा सगळा उतार काचेसारखा झालेला. आदल्या दिवसाच्या खाचा जशाच्या तशा गोठल्या होत्या. स्कीची कड बर्फात बसत नव्हती, दात वाजत होते, आणि एका वळणाला मी पडले ती पन्नासेक मीटर घसरत गेले. गुडघा वाचला. नवरा आरामात साडेदहाला आला. तोवर वरचे दोन-तीन सेंटिमीटर सुटे झाले होते आणि खालचा थर अजून पक्का होता. त्याला त्या दिवशी जे उतार मिळाले, तसे मला त्या आठवड्यात मिळाले नाहीत, कारण मी रोज नऊला जाऊन बारापर्यंत दमत होते.

असं का होतं हे कळलं की अंदाज बांधता येतो. निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतो, त्यामुळे त्याचा पृष्ठभाग हवेपेक्षा काही अंशांनी थंड होतो. हवेचा पारा शून्याच्या थोडा वर असला तरीही बर्फ गोठू शकतो. ढग असले तर ती उष्णता अडते आणि बर्फ नीट गोठतच नाही. म्हणजे वसंतात निरभ्र रात्रीनंतर उशिरा जावं, आणि ढगाळ उबदार रात्रीनंतर लवकर, कारण जो काही घट्टपणा असतो तो सकाळीच असतो. दुपारी नुसता चिखल उरतो, आणि आखलेल्या उताराबाहेर ओल्या बर्फाचं स्खलन होण्याची भीती वाढते. सूर्याच्या मागे मागे जा. आधी पूर्वेकडे तोंड असलेले उतार मऊ होतात, मग दक्षिणेकडचे, मग पश्चिमेकडचे. (उत्तर गोलार्धातलं सांगते आहे. दक्षिण गोलार्धात मधला उतार उत्तरेकडचा असेल.) हा क्रम धरला तर दहा ते एक सलग चांगला बर्फ मिळतो.

दुसरा 'नको' कडाक्याच्या थंडीचा. स्की घसरते ती खाली तयार होणाऱ्या पाण्याच्या पातळ थरामुळे. उणे वीसच्या खाली तो थर नीट तयार होत नाही आणि बर्फ वाळूसारखा अडवतो. शिवाय वेगवान चेअरलिफ्ट सेकंदाला 5 मीटर जाते, म्हणजे वारा नसला तरी तोंडावर ताशी 18 किलोमीटरचा वारा बसतो. उणे 15 ला तो उणे 24 सारखा लागतो. नाकाचा शेंडा किंवा गाल पांढरा पडला तर ताबडतोब आत जायचं. त्या दिवसांत मी ऊन लिफ्टच्या वरच्या टोकावर आलं की निघते, मग दहा वाजले तरी हरकत नाही.

लवकर म्हणजे नेमकं किती लवकर, हे रांगेच्या हिशोबाने ठरवा. जगातली पहिली चेअरलिफ्ट 1936 मध्ये अमेरिकेत, आयडाहोतल्या सन व्हॅलीत सुरू झाली. जेम्स करन या रेल्वे इंजिनिअरने जहाजावर केळीचे घड चढवणाऱ्या यंत्रावरून ती बेतली. घडामागून घड ठरावीक अंतराने यावा, तशी खुर्ची येते, आणि सगळा हिशोब त्या अंतराचा असतो. चौघांची खुर्ची दर 6 सेकंदांनी येत असेल तर मिनिटाला 40 माणसं, तासाला 2400. तुमच्या पुढे दोनशे जण असले तर पाच मिनिटं, आठशे असले तर वीस. लिफ्ट वेगवान असली की रांग लवकर सरते हा गैरसमज आहे. वेगाने वर जाण्याचा वेळ निम्मा होतो, पण खुर्च्या तेवढ्याच अंतराने येत असतील तर रांग पूर्वीइतक्याच गतीने पुढे जाते. उलट माणसं लवकर वर जाऊन लवकर परत रांगेत येतात. म्हणून सुट्टीच्या दिवसांत वीस मिनिटं आधी पोचणाऱ्याला दिवसभरात दोन-तीन उतार जास्त मिळतात. एरवी आठवड्याच्या मधल्या दिवशी दहा मिनिटं आधी पोचलात तरी पुरे.

'पोचणं' म्हणजे बूट घालून, स्की हातात घेऊन रांगेत उभं असणं. गाडी लावली म्हणजे पोचलात असं नाही. मी उलटं मोजते. लिफ्ट नऊला, रांगेत आठ चाळीसला. बुटांना दहा मिनिटं, गाडीपासून चालायला दहा. त्याआधीचा रस्ता, आणि रात्री बर्फ पडला असेल तर त्याला दीडपट वेळ. पास आदल्या संध्याकाळीच घ्या, सकाळच्या खिडकीवरची रांग लिफ्टच्या रांगेपेक्षा हळू सरकते. बूट रात्री गाडीत ठेवू नका. थंडीने प्लास्टिक इतकं ताठ होतं की पाय आत जात नाही, आणि ओलं अस्तर वाळत नाही. गॉगलची फिकट काच सोबत असू द्या. सकाळी डोंगराच्या सावलीत गडद काचेतून खाचा दिसत नाहीत.

आणि लिफ्ट सुरू होण्याआधी उतारावर पायी किंवा स्कीवर चढू नका. तीव्र चढावर ग्रूमर वर अडकवलेल्या पोलादी दोरावर काम करतात. तो दोर हजार मीटरपर्यंत पसरलेला असतो, अंधुक उजेडात दिसत नाही, आणि ताण आला की बर्फातून अचानक उसळतो. त्याने माणसं मेली आहेत. बंद म्हणजे बंद. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे उतारावर वागण्याचे जे दहा नियम आहेत, त्यातही पाट्या आणि खुणा पाळण्याचा नियम आहे.

वर पोचलात की पहिली उतरण सोपी निवडा. इथे मी हट्टी आहे. पाच-दहा मिनिटं खुर्चीत बसून गारठलेल्या मांड्यांनी, रिकाम्या आणि घट्ट उतारावर, वेग नकळत वाढतो. लिफ्टमधून उतरल्यावर मी दहा बैठका काढते, खांदे फिरवते आणि पहिले पाचशे मीटर मोठी, संथ वळणं घेते. त्यानंतर खालच्या लिफ्टवर रेंगाळायचं नाही. सगळे तिथेच येणार असतात. नकाशावरची सर्वांत लांबची लिफ्ट आधी गाठा. गर्दी तिथे साधारण दीड तासाने पोचते, तोवर तुमचं तिथलं काम झालेलं असतं आणि तुम्ही गर्दीच्या उलट दिशेने परत येता.

अगदी नवशिके असाल तर या सगळ्याची घाई नको. सकाळचा टणक उतार भीती घालतो, आणि एकदा घाबरलेलं शरीर दिवसभर मागे झुकतं. सराव-उतारावर दहाच्या सुमाराला जा. फक्त स्की शाळेचे वर्ग कधी सुरू होतात ते बघून ठेवा, त्या अर्ध्या तासात खालच्या लिफ्टवर मुलांच्या रांगा असतात.

रात्री झोपण्याआधी मी तीन गोष्टी बघते: आज दुपारी बर्फ वितळला का, रात्री आभाळ कसं असेल, आणि सकाळी वरच्या स्टेशनवर वारा किती असेल. आज दुपारी पारा उणे चारच्या वर गेला नाही, म्हणजे वितळलेलं काही नाही. रात्र निरभ्र, सकाळी उणे नऊ, वारा नाही. गजर साडेसहाचा लावला आहे आणि बूट हीटरच्या बाजूला ठेवले आहेत.