‘मंजूर’ म्हणजे नेमके काय? नगरपरिषदेची बातमी लिहिणाऱ्यांसाठी

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रभागासाठी चालवल्या जाणाऱ्या माहितीपत्रकात मी ‘रस्त्याचे काम मंजूर’ अशी चार ओळींची बातमी दिली होती. सभेत ठराव झाला होता, तो मी कानांनी ऐकला होता आणि बातमी शब्दशः खरी होती. पुढे दीड वर्ष मात्र भेटेल तो माणूस ‘तुमचा रस्ता कुठवर आला?’ असे विचारत राहिला, कारण वाचणाऱ्याला ‘मंजूर’ हा शब्द दिसला की डोळ्यांपुढे खडी आणि रोलर येतो. चूक माझ्या शब्दाची होती. लहान शहरात स्थानिक कारभाराची बातमी लिहू इच्छिणाऱ्याने, मग ती छापील पत्रकासाठी असो वा गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटासाठी, पहिली सवय हीच लावून घ्यावी की ‘मंजूर’ हा शब्द एकटा कधीही लिहायचा नाही. काय मंजूर, कोणी केले आणि कोणत्या टप्प्यावर, हे त्याच वाक्यात आले पाहिजे.

एखाद्या कामाचा प्रवास साधारणपणे असा होतो. सभेत ठराव होतो, बांधकाम विभाग कामाचे अंदाजपत्रक तयार करतो, त्याला सक्षम अभियंत्याची तांत्रिक मान्यता मिळते, ज्या योजनेतून निधी येणार आहे त्या योजनेच्या नियमांप्रमाणे प्रशासकीय मान्यता मिळते, मग निविदा निघते, ती उघडली जाते, दर स्वीकारला जातो, करारनामा होतो आणि शेवटी कार्यारंभ आदेश, म्हणजे बोलीभाषेतली ‘वर्क ऑर्डर’, दिली जाते. मान्यतांचा क्रम योजनेनुसार मागेपुढे होतो, पण यांपैकी किमान चार टप्प्यांना लोक ‘मंजूर’ म्हणतात. जागेवर काम कधी दिसेल हे विचारायचे असेल, तर विचारण्याजोगा टप्पा एकच, तो कार्यारंभ आदेशाचा. त्याचा दिनांक आणि त्यात दिलेली कामाची मुदत ज्या बातमीत आहे, ती बातमी वाचकाच्या कामाची.

बातमीचा खरा कच्चा माल सभेच्या आधीच तयार असतो. नगरपरिषदेचा कारभार ‘महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५’ या कायद्याने चालतो आणि सभेची सूचना विषयपत्रिकेसह सदस्यांना आधी द्यावी लागते. ही विषयपत्रिका आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडून मागून घ्यावी. बहुतेक जण आनंदाने देतात, कारण ती वाचायला मागणारा माणूस त्यांना क्वचितच भेटतो. कार्यालयाच्या सूचना फलकावरही ती पाहायला मिळते.

विषयपत्रिकेची भाषा प्रथमदर्शनी कोरडी वाटते, परंतु ती शब्दागणिक वाचायची असते. समजा, एक विषय असा आहे: ‘प्रभाग क्र. ७ मध्ये बंदिस्त गटार बांधणे या कामी प्राप्त निविदांपैकी न्यूनतम दराच्या निविदेस मंजुरी देणेबाबत.’ या एका ओळीतून कळते की ठराव, अंदाजपत्रक आणि निविदा हे टप्पे मागे पडले आहेत. मग विचारायचे प्रश्न आपोआप समोर येतात: निविदा किती आल्या, न्यूनतम दर अंदाजपत्रकीय रकमेपेक्षा किती टक्के कमी किंवा जादा आहे, आणि ही पहिली निविदा आहे की फेरनिविदा. याउलट ओळीच्या शेवटी ‘विचारविनिमय करून निर्णय घेणेबाबत’ असे असेल, तर काम अजून कागदावरही नीट उतरलेले नाही असे समजावे. आणि ‘कार्योत्तर मंजुरी देणेबाबत’ असे शब्द दिसले तर तेथे थांबावे, कारण त्याचा अर्थ खर्च किंवा काम आधीच झालेले आहे आणि सभेची संमती नंतर घेतली जात आहे. जलवाहिनी फुटल्यावर तातडीने केलेल्या दुरुस्तीत त्यात काही वावगे नसते. एरवी मात्र त्यामागचे कारण विचारलेच पाहिजे. पत्रिकेच्या शेवटची ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ ही ओळही अशीच. तेथे काय येईल ते सभेत बसल्याशिवाय कळत नाही, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त चर्चा पुढे ज्या निर्णयांची झाली, त्यांपैकी बरेच याच ओळीखाली आलेले होते.

प्रत्यक्ष सभेत बसायचे असेल तर आसनव्यवस्थेची चौकशी आधी करून ठेवावी. टिपण करताना ठरावाचा विषय क्रमांक, सूचक, अनुमोदक, उपसूचना कोणी मांडली, विरोध कोणी नोंदवायला सांगितला आणि निर्णय एकमताने झाला की बहुमताने, एवढे लिहून घेतले तरी पुरे; भाषणे आणि खडाजंगी लक्षात राहतेच. ठरावाचा नेमका मजकूर मात्र कानावर विसंबून कधीही देऊ नये. तो इतिवृत्तात उतरतो आणि ते इतिवृत्त पुढच्या सभेत वाचून कायम केले जाते. सभेत ऐकलेला ठराव आणि इतिवृत्तात लिहिलेला ठराव यांत फरक पडू शकतो, म्हणून पहिली बातमी ‘सभेत असा निर्णय जाहीर झाला’ अशी द्यावी आणि प्रत हाती आल्यावर ठराव क्रमांकासह पुन्हा लिहावे. आणखी एक गोष्ट विसरली जाते: ठराव झाला म्हणजे तो अमलात आलाच असे नाही. ठराव बेकायदेशीर किंवा लोकहिताला बाधक वाटल्यास याच अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी स्थगित करू शकतात. ‘तीनशे आठ टाकले’ असे पालिकेच्या ओसरीवर जे ऐकू येते ते हेच. ठराव स्थगित करावा म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज झाला तर ती बातमी आहे, पण अर्ज होणे आणि स्थगिती मिळणे या दोन वेगळ्या बातम्या आहेत.

अंदाजपत्रकाच्या बाबतीत आपली भाषा जरा घात करते. कामाच्या खर्चाचा आराखडा आणि नगरपरिषदेचा वार्षिक अर्थसंकल्प, दोघांनाही आपण अंदाजपत्रकच म्हणतो, त्यामुळे लिहिताना ‘वार्षिक’ किंवा ‘कामाचे’ हे विशेषण गाळू नये. वार्षिक अंदाजपत्रक १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षाचे असते आणि दरवर्षी ‘अमुक लाखांचे शिलकी अंदाजपत्रक सादर’ असा मथळा सर्वत्र झळकतो. हा मथळा मला नेहमीच फसवा वाटतो. शिलकीच्या आकड्यात आरंभीची शिल्लक धरलेली असते, आणि त्या शिलकीत विशिष्ट कामासाठी आलेला पण खर्च न झालेला शासकीय निधीही असू शकतो, जो दुसरीकडे वळवता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाचेच पाहा: २०२१ ते २०२६ या काळासाठी दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या शहरांना मिळणाऱ्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांवरच खर्चायची (तीतील निम्मी स्वच्छता व घनकचऱ्यासाठी आणि निम्मी पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी), आणि ४० टक्के अबंधित होती. त्यामुळे ‘पैसा पडून आहे, तरी रस्ता का नाही?’ असा प्रश्न छापण्यापूर्वी तो पैसा कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे हिशेबात कोणत्या कामाच्या नावे, आहे हे पाहावे. तीन रकाने शेजारी ठेवून वाचले की चित्र स्पष्ट होते: मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज. मालमत्ता कराची प्रत्यक्ष वसुली आणि पुढील वर्षासाठी धरलेली वसुली यांत मोठी तफावत असेल, तर त्या भरवशावर धरलेली कामे होण्याची शक्यता किती, हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

माझ्या मते मात्र स्थानिक माहितीपत्रकाचा सर्वाधिक उपयोग होतो तो मुदतीच्या सूचनांमध्ये. वृत्तपत्राच्या आतल्या पानावर बारीक टंकात छापली जाणारी जाहीर सूचना कोणी वाचत नाही आणि हरकतीची मुदत निघून जाते. प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला, आराखड्यातील एखाद्या जागेचे आरक्षण महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली बदलायचे ठरले, प्रभागरचनेचा मसुदा निघाला किंवा दर चार वर्षांनी होणाऱ्या फेरआकारणीच्या नोटिसा घरोघर आल्या, की प्रत्येक वेळी लोकांना लेखी हरकत घेण्याचा हक्क असतो आणि तो मुदतीपुरताच असतो. अशी बातमी लिहिताना शेवटची तारीख पहिल्याच ओळीत द्यावी. त्यानंतर नकाशा किंवा यादी कोठे पाहायला मिळेल, हरकत कोणाच्या नावे द्यायची आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व क्रमांकासह पोच घ्यायला विसरू नये, हे सांगावे. सूचनेचे विश्लेषण नंतर केले तरी चालते.

कागद मिळत नसेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहेच, पण अर्ज करण्यापूर्वी एक सोपी वाट वापरून पाहावी. राज्य शासनाच्या २०१८ च्या निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालये व स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. अर्ज करायचाच झाला तर महाराष्ट्रात शुल्क १० रुपये आहे, विषय एकच असावा लागतो आणि मजकूर १५० शब्दांत बसवावा लागतो. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. ‘गटाराचे काम का रखडले?’ असे विचारू नये, कारण हा कायदा अस्तित्वात असलेला अभिलेख मिळवून देतो, खुलासा नव्हे. त्याऐवजी ‘अमुक दिनांकाच्या सर्वसाधारण सभेतील ठराव क्र. अमुक, त्यासोबतची कार्यालयीन टिपणी, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिकेतील या कामाच्या नोंदी यांच्या साक्षांकित प्रती’ असे मागावे. (मोजमाप पुस्तिका म्हणजे जागेवर झालेल्या कामाची मापे लिहिण्याची वही.) काम का रखडले ते बहुधा कार्यारंभ आदेशातील मुदत आणि मुदतवाढीच्या पत्रांवरूनच उलगडते.

पाणीपुरवठा बंद, रस्ता वळवला, घंटागाडीची वेळ बदलली अशा रोजच्या सूचनांना विशेष कौशल्य लागत नाही, तारीख मात्र लागते. ‘उद्या पाणी येणार नाही’ हा निरोप तीन दिवस फिरत राहतो आणि रोजच ‘उद्या’ असतो. म्हणून वार, दिनांक, भाग आणि सूचना कोणत्या विभागाने दिली हे नेहमी लिहावे. थकबाकीदारांच्या याद्या, नळजोडणी तोडल्याची छायाचित्रे, तक्रार अर्जांवरचे दूरध्वनी क्रमांक असे काही हाती आले तरी ते पुढे पाठवू नये. कोणावर आक्षेप असेल तर त्याचे म्हणणे त्याच बातमीत यावे, त्यासाठी एक दिवस थांबावे लागले तरी थांबावे.

शेवटी एक वही. प्रत्येक कामाला एक पान द्यावे आणि त्यावर ठराव, मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, काम पूर्ण झाल्याचा दाखला, अंतिम देयक आणि दोष दायित्व कालावधी संपण्याची तारीख यांसाठी रिकाम्या ओळी आखून ठेवाव्यात. शेवटची तारीख विशेष जपावी, कारण त्या काळात रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. माझ्या त्या फसलेल्या बातमीतील रस्त्याचे पान आजही वहीत आहे. त्यावर कार्यारंभ आदेशाची ओळ भरलेली आहे, पुढच्या तीन अजून रिकाम्या आहेत.