सोयाबीनची पाहणी बांधावरून? या चुका टाळा

ऑगस्टात कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले, शिरोळ, कागल कुठंही जा, रस्त्यावरून सोयाबीन हिरवंगारच दिसतं. पाऊस लागून राहिलेला, रानात चिखल. मग गाडीवरूनच नजर टाकायची आणि ‘बरं आहे’ म्हणत पुढं जायचं. पाहणीतली सगळ्यात मोठी चूक हीच. बहुतेक रोग-किडी आत, खालच्या पाल्यात नाहीतर खोडात सुरू होतात आणि शेंडा तोवर टवटवीत असतो. आठवड्यातून एकदा रानात उतरा. काठाच्या दोन-चार सऱ्या सोडून आत शिरा, चार-पाच ठिकाणी थांबा. पाणी साचणारी सखल जागा वेगळी बघा.

आपल्या भागात धास्ती घ्यावी तर तांबेरा या बुरशीच्या रोगाची. कृष्णा-पंचगंगेच्या काठची दमट हवा त्याला मानवते. तिथं चूक होते ती पान वरून बघण्याची. बुडातलं पान तोडा आणि उलटं करा. मागच्या बाजूला बारीक तपकिरी पुळ्या असतील आणि बोट फिरवल्यावर विटकरी भुकटी लागली, तर तो तांबेरा. पानं पिवळी पडून गळायला लागली की ‘पीक काढणीला आलं’ अशी समजूत करून घेणारे दरवर्षी भेटतात; शेंगा चापून बघितल्या की आत दाणा भरलेलाच नसतो. रोग दिसताच हेक्झाकोनॅझोल किंवा प्रोपिकोनॅझोल हे बुरशीनाशक 10 लिटर पाण्यात 10 मिली घेऊन फवारा, पण नोझल खालच्या पाल्यापर्यंत गेला पाहिजे. नुसते शेंडे भिजवून उपयोग नाही.

‘आमचं फुले संगम आहे, त्याला काय होत नाही’ हेही ऐकायला मिळतं. सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राचे फुले संगम, फुले किमया हे वाण तांबेऱ्याला बऱ्यापैकी तोंड देतात, एवढंच. पाहणी त्यातही चुकवून चालत नाही.

शेंडा किंवा पान माना टाकतंय म्हणून लगेच मूळकुज ठरवू नका. देठावर किंवा खोडावर एकमेकींजवळ दोन गोल खापा कोरलेल्या दिसल्या, तर तो चक्रीभुंगा. मादी त्या दोन खापांमध्ये अंडी घालते आणि वरचा भाग वाळतो. खालच्या खापेच्या खालून तोडून तो भाग नष्ट करा, कारण अळी खोडात उतरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. खोडमाशी त्याहून लबाड. झाड बाहेरून धडधाकट, पण खोड उभं चिरलं की आत लालसर नागमोडी रेघ. चार झाडं चिरायला जीव होत नाही, हे खरं, तरी चिराच.

अळ्यांच्या बाबतीत उलटं होतं. चार पानांना भोकं दिसली, शेजाऱ्यानं पंप काढला, की आपणही काढतो. आधी मोजा. दोन ओळींत पांढरं कापड अंथरून एक मीटर ओळीतली झाडं त्यावर झटका. हिरवी उंटअळी फुलोऱ्याआधी मीटरला 4, फुलोऱ्यात 3 भरली तर फवारणीचा विचार करा. एखादंच पान पांढुरकं, जाळीदार दिसलं तर तिथं तंबाखूवरल्या पाने खाणाऱ्या अळीचं पिलावळीचं बिऱ्हाड असतं. ते पान अळ्यांसकट तोडलं की काम भागतं. पावसाळी हवेत पानावर पांढऱ्या-हिरवट बुरशीनं कडक होऊन चिकटलेल्या मेलेल्या अळ्या सापडल्या तर औषध थांबवा. बुरशीच तुमचं काम करतेय आणि त्यात बुरशीनाशक मारलं तर तीच मरायची भीती.

पिवळेपणाचंही तसंच. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर बहुधा लोहाची कमतरता. हिरवे-पिवळे वेडेवाकडे चट्टे असतील तर पिवळा मोझॅक. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो. अशी झाडं सुरुवातीलाच उपटा.

आणि कृषी सहायकाला (आता पदाचं नाव सहायक कृषी अधिकारी) किंवा दुकानदाराला फोटो पाठवताना अख्ख्या रानाचा नको. उलटं केलेलं पान आणि चिरलेलं खोड, दोन्ही जवळून.