गणिताचा पेपर ब्रेलमध्ये काढण्याआधी

वर्ड उघडण्याआधी विद्यार्थ्याला विचारून घ्या: गणित नेमेथमध्ये वाचतोस की युईबीमध्ये (युनिफाइड इंग्लिश ब्रेल)? ब्रेलमध्ये गणित लिहायचे हे दोन कोड, म्हणजे चिन्हांच्या पद्धती. अब्राहम नेमेथ या जन्मांध गणितज्ञाचा कोड १९५२ साली प्रसिद्ध झाला. युईबीतली गणिताची चिन्हं बरीच वेगळी. ब्रेलच्या एका घरात सहा टिंबं: डावीकडे वरून खाली १-२-३, उजवीकडे ४-५-६. अंकाआधी येणारं अंकचिन्ह दोन्हीकडे ३-४-५-६ टिंबांचं, पण त्यापुढचा २ नेमेथमध्ये २-३ टिंबांचा आणि युईबीत १-२ चा. डक्सबरीत (वर्डची फाइल ब्रेलमध्ये उतरवणारं सॉफ्टवेअर) साचा निवडणं क्षणाचं काम, पण तो चुकला तर पोराचा वेळ अंक ओळखण्यातच जातो. मजकूर मराठी असेल तर आधी एका ओळीचा नमुना काढून कोड कोणता लागतोय ते बघा.

मग फाइल. शाळेकडून पेपर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आला असेल तर आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर ‘त्रिकोण’च्या जागी भलतीच अक्षरं उमटतील. समीकरणांची चित्रं चिकटवलेली असली तर ती पुन्हा टाइप करायची, दुसरा इलाज नाही. तेही मॅथटाइप या समीकरणं लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि आख्खं समीकरण एकाच चौकटीत. गुणाकाराला इंग्रजी एक्स ठोकायची खोड आपल्याकडे जुनी आहे. तेवढे एक्स शोधून बदला.

घातांक आणि अपूर्णांकांना मात्र निवांत वेळ द्या. नेमेथमध्ये घातांक सुरू करायला ४-५ टिंबं, आणि परत मूळ ओळीवर यायला एकटं ५ नंबरचं टिंब. ‘एक्सचा वर्ग अधिक १’ लिहिताना ‘अधिक १’ घातांकाच्या खणात राहिलं, की हे टिंब येत नाही आणि एक्सचा घात ‘२ अधिक १’ होऊन बसतो. अपूर्णांकालाही ब्रेलमध्ये वर-खाली नसतं, सगळं एका ओळीत: सुरुवातीला १-४-५-६, रेषेला ३-४, शेवटी ३-४-५-६ (हो, अंकचिन्हाचाच आकार, सवयीने कळतं). ‘एक्स अधिक २’ या सगळ्याला ३ ने भागायचं असताना कुणी कंसाविना तिरकी रेघ मारून ठेवली असेल, तर भाग फक्त २ ला जातो. सॉफ्टवेअर बिचारं फाइलमध्ये असेल तेच उतरवतं.

आकृत्या या वाटेने येणार नाहीत. त्या उठावाच्या करून वेगळ्या पानावर द्या, नावं ब्रेलमध्ये घाला आणि प्रश्नात तसा उल्लेख ठेवा.

पानाची मापं एम्बॉसरमधल्या (ब्रेल छापणाऱ्या यंत्रातल्या) कागदाप्रमाणे भरा. ११ बाय साडेअकरा इंचाच्या कागदावर साधारण ४० घरं आणि २५ ओळी बसतात, ए-फोरवर कमी. लांब समीकरण तुटणारच असेल तर ‘बरोबर’च्या चिन्हाआधी तोडा.

एकच प्रत काढा. एकाने मूळ पेपर मोठ्याने वाचायचा, ब्रेल जाणणाऱ्याने बोटांनी ताडायचा. दुरुस्त्या वर्डच्या फाइलमध्येच करा, नुसत्या ब्रेल फाइलमध्ये केल्या तर वर्डची फाइल पुन्हा ब्रेलमध्ये उतरवताना पुसल्या जातात. बाकीच्या प्रती त्यानंतर.