ठाण्याच्या दमट हवेत जुन्या तलवारी: पारखणे, घेणे आणि टिकवणे

जुन्या लष्करी तलवारी गोळा करणाऱ्याची पहिली चूक बहुतेक वेळा एकच असते. तो तलवार घरी आणतो आणि लगेच ती चकचकीत करतो. पात्यावरचा जुना तपकिरी थर, धारेवरचे बारीक खवले, पाठीवरचा पुसट शिक्का, मुठीतल्या खाचांत साचलेला काळेपणा हाच त्या वस्तूचा पुरावा असतो. तो एकदा घासून काढला की कोणत्याही उपायाने परत येत नाही. म्हणून खाली जे सांगितले आहे त्याचा रोख तलवार सुंदर दिसण्यापेक्षा ती आहे तशी टिकण्याकडे आहे. ठाणे, ऐरोली, वाशी, बेलापूर ही सगळी खाडीकाठची गावे. इथे लोखंड टिकवणे हेच संग्राहकाचे अर्धे काम.

आधी कायदा

शस्त्र कायदा १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ तलवारींनाही लागू आहेत. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली हत्यारे सोडली, तर ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारे नियमांच्या वर्गवारीत येतात. तलवार, गुप्ती, खंजीर, संगीन, भाला, सगळेच त्यात बसतात. पहिल्या महायुद्धातल्या ली-एनफिल्ड रायफलची १९०७ची संगीन १७ इंच पात्याची आहे, म्हणून 'ती तर नुसती संगीन' या समजात राहू नये.

याच कायद्याच्या कलम ४५ मध्ये कालबाह्य बनावटीच्या किंवा पुरातन मूल्य असलेल्या हत्यारांना काही सूट आहे. पण आपल्या हातातली वस्तू त्या सुटीत बसते हे आपण मनाशी ठरवून चालत नाही. प्रश्न आला तर ते कागदाने दाखवावे लागते. त्यामुळे खरेदीच्या आधीच पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत वस्तूचे फोटो आणि मापे देऊन लेखी विचारणा करावी. ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगर ठाणे आयुक्तालयाकडे येतात, नवी मुंबईचे आयुक्तालय वेगळे आहे. आलेले उत्तर बिलासोबत जपून ठेवावे.

घरात ठेवणे आणि रस्त्यावर नेणे यांत फार फरक आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीला आणि निवडणुकांच्या काळात मनाई आदेश निघतात. तेव्हा सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगणे हाच गुन्हा ठरतो. तलवार लोकलमधून आणू नये, कुरिअरने मागवू नये. न्यायचीच असेल तर कापडात गुंडाळून, पेटीत कुलूप लावून, कागदांच्या प्रतींसह स्वतःच्या गाडीतून न्यावी, तीही मनाई आदेश चालू नाही याची खात्री करून.

वस्तू १०० वर्षांहून जुनी असेल तर पुरावस्तू व कलासंपदा कायदा १९७२ लागतो. तिचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना हवा, आणि ती देशाबाहेर खासगीरीत्या पाठवता येत नाही. विक्रेत्याला परवाना क्रमांक विचारायला लाजू नये. तो टाळाटाळ करू लागला की सौदा तिथेच थांबवावा. हस्तिदंती मुठीची कट्यार किंवा पेशकब्ज (टोकदार पात्याचा खंजीर) समोर आली तर हात मागे घ्यावा: हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला वन्यजीव कायद्याने बंदी आहे. पाया खणताना जमिनीत पुरलेली, १० रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली, तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

पाहायला जाताना काय न्यावे

छोटी टॉर्च, दहापट भिंग, व्हर्नियर कॅलिपर, मापनपट्टी आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा. यातला व्हर्नियर सगळ्यांत मोलाचा, कारण नकल करणारा गंज, शिक्का, मखमली म्यान सारे काही देऊ शकतो, पण पात्याची जाडी नीट उतरवत आणण्याइतकी मेहनत क्वचित घेतो. मुठीपासून टोकापर्यंत पाच ठिकाणी पाठीची, म्हणजे धारेविरुद्धच्या बोथट कडेची, जाडी मोजा. लोहाराने हाताने घडवलेल्या लढाऊ पात्याची जाडी मुठीजवळ साधारण ५ ते ८ मिलिमीटर असते आणि टोकाकडे हळूहळू २-३ मिलिमीटरपर्यंत उतरते. पट्टी कापून केलेल्या शोभेच्या तलवारीत ती शेवटपर्यंत जवळजवळ एकसारखी राहते. म्हणूनच शोभेची तलवार हातात धरली की टोकाकडे ओढते.

वजन याचीच दुसरी बाजू. आपल्याकडची नेहमीची, चकतीच्या मुठीची वक्र तलवार बहुतेक वेळा ७०० ग्रॅम ते १.१ किलोच्या दरम्यान भरते. त्याच आकाराची तलवार दीड किलो भरली तर शंका घ्यावी. मूठ अगदी आखूड वाटली म्हणून मात्र ती खोटी ठरवू नये. भारतीय मुठींमध्ये पकडायची जागा ७-८ सेंटिमीटरच असते, कारण वार करताना मनगटामागे चकती टेकते आणि तर्जनी आडव्या भागावरून पुढे येते. 'पूर्वीची माणसं लहान चणीची होती' हा निष्कर्ष त्यावरून निघत नाही.

भिंगाखाली तीन गोष्टी पाहा. पहिली गंज: खरा जुना गंज ठिकठिकाणी वेगवेगळ्या खोलीचा असतो, कुठे खड्डे तर कुठे गुळगुळीत तपकिरी. आम्लात बुडवून आणलेला गंज सगळीकडे सारखा आणि उथळ दिसतो, खाचांच्या तळाशीही तसाच. दुसरी जोड: मूठ पितळेची असेल तर साच्याची शिवण दिसते का, मुठीलगत वेल्डिंगचा फुगवटा आहे का. तिसरी नक्षी: कोफ्तगरीत लोखंडावर आडव्या-उभ्या बारीक रेघा ओढून सोन्याची तार ठोकून बसवतात. सोने झिजले तरी त्या रेघांची जाळी खाली दिसते. सोन्याचा मुलामा किंवा रंग असेल तर खाली गुळगुळीत लोखंड निघते.

पोलादावर लाटांसारखे नक्षीकाम दिसले की 'जौहर' म्हणून मोठी किंमत सांगितली जाते. खऱ्या जौहरात नक्षी धातूच्या आतूनच उमटते आणि रेषा बारीक, अनियमित, पाण्यासारख्या वाहत्या असतात. आजकाल दोन जातींची पोलादे थरांनी जोडून केलेली पातीही त्याच नावाने विकली जातात. त्यांच्या रेषा ठळक, जाड आणि ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणाऱ्या दिसतात. फक्त वरवर कोरलेली नक्षी तर नखाने जाणवते.

शिक्के वाचणे

ब्रिटिश लष्करी तलवारी नवशिक्याला सोप्या, कारण त्या स्वतःच तारीख सांगतात. राजचिन्हात व्ही.आर. असेल तर व्हिक्टोरियाचा काळ, म्हणजे १९०१ पर्यंतचा. ई.आर. सोबत रोमन सात असेल तर सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. जी.आर. सोबत रोमन पाच असेल तर पाचवा जॉर्ज, १९१० ते १९३६, रोमन सहा असेल तर त्यानंतरचा सहावा जॉर्ज. विल्किन्सन या लंडनच्या कंपनीच्या तलवारीत मुठीजवळ पाठीवर अनुक्रमांक असतो. १८५४ नंतरच्या त्यांच्या नोंदींवरून तो बनवल्याच्या वर्षाशी जुळवता येतो. पात्यात बसवलेल्या पितळी चकतीभोवती सहा टोकांची चांदणी हे त्यांच्या चाचणीचे चिन्ह. चांदणी आहे पण अनुक्रमांक नाही, असे दिसले तर सावध व्हावे. दोन्ही घासून गेले असतील तर ते स्वच्छतेचे बळी असतात.

१७९६ची हलक्या घोडदळाची तलवार भारतात खूप फिरली. पाते सुमारे ३३ इंच, चांगले वक्र, टोकाजवळ रुंद होत गेलेले, आणि मूठ एकाच लोखंडी पट्टीच्या कमानीची. इथल्या संस्थानांत अशी पाती पुन्हा देशी मुठींत बसवलेली दिसतात. त्यांना 'जोडतोड' म्हणून टाकू नये. पाते एका देशाचे आणि मूठ दुसऱ्या देशाची हा आपल्या इथला जुना रिवाजच आहे, फिरंग म्हणजे तेच. पोर्तुगीजांचा अंमल वसईवर १७३९ पर्यंत होता, ठाणे त्याआधी दोन वर्षे मराठ्यांनी घेतले. युरोपी पाती या किनाऱ्यावर मुबलक उतरत. २०२५ मध्ये राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून परत आणलेली नागपूरच्या रघूजी भोसले यांची तलवार याच जातीची: युरोपी सरळ पाते, मराठा पद्धतीची मूठ आणि पाठीवर सोन्यात कोरलेले देवनागरी नाव.

१९०७च्या संगिनीवर राजाचे चिन्ह, १९०७ हा नमुन्याचा आकडा, मग महिना आणि वर्ष असते. एकोणीसशे सात हे बनवण्याचे वर्ष समजण्याची चूक फार लोक करतात. मुठीच्या टोकाजवळचे आरपार छिद्र १९१६ पासून येऊ लागले. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनलेल्या संगिनी वेगळ्या ओळखाव्या लागतात. मोठ्या संगिनी कापून १२ इंची केलेल्याही भारतात बऱ्याच सापडतात. त्यांचे टोक नव्याने घडवलेले असते, ते मूळ नव्हे.

खरेदीआधी एकदा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातले आणि पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले शस्त्रदालन सावकाश पाहावे. विशेषतः मुठींच्या बाजूने. डोळ्याला ओरिजिनलची सवय लागली की बाजारात निम्मा माल आपोआप गळतो.

बिलात विक्रेत्याचे नाव-पत्ता, दिनांक, किंमत, एकूण लांबी आणि पात्याची लांबी सेंटिमीटरमध्ये, शिक्क्यांचे वर्णन हवे. 'एक जुनी तलवार' एवढेच लिहिलेल्या बिलाचा उपयोग नाही. घरात पिढीजात आलेली असेल तर देवघरातल्या जुन्या फोटोत ती दिसते का पाहावे. असा फोटो कागदाइतकाच कामाचा.

स्वच्छता

नायट्राइलचे हातमोजे घालून काम करावे. उघड्या बोटांचे ठसे इथल्या घामाच्या दिवसांत रात्रीतून गंजतात. पाते पांढऱ्या कागदावर आडवे धरून हलके टिचकी मारा. नारिंगी पूड पडली तर गंज जिवंत आहे, नाहीतर तपकिरी थर स्थिर आहे आणि त्याला हात लावू नये. जिवंत गंजावर शिलाई मशीनचे तेल लावून २४ तास ठेवावे, मग बांबूची टोकदार कामटी किंवा तांब्याच्या पत्र्याची कड यांनी तेवढाच उचलावा. नक्षी नसलेल्या जागी चार शून्यांची पोलादी लोकर फार तर चालते, कोफ्तगरीवर मुळीच नाही. पितळी मुठीला चिंच, लिंबू किंवा भांड्यांची पावडर लावू नये: आम्ल खाचांत राहून हिरवा थर देते आणि नक्षी झिजते.

मुठीचे एक खास प्रकरण आहे. देशी तलवारीची मूठ पात्याच्या शेपटीवर, म्हणजे मुठीत शिरणाऱ्या भागावर, लाख, राळ आणि भुकटीच्या मसाल्याने बसवलेली असते. गरम पाणी, कडक ऊन, मुठीवर हेअर ड्रायर यांनी तो मऊ पडतो. स्पिरिट तर लाख विरघळवतेच. मूठ हलत असेल तर ॲराल्डाइट भरू नये; ती पुन्हा कधीच स्वच्छ निघणार नाही. शिकलगार किंवा संवर्धकाकडेच द्यावी.

घासून झाल्यावर पाते रॉकेलच्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडे करावे आणि सूक्ष्मस्फटिकी मेणाचा, म्हणजे संग्रहालयांत वापरतात त्या रेनेसान्स वॅक्सचा, अगदी पातळ थर द्यावा. १०-१५ मिनिटांनी मऊ सुती कापडाने घासावा. जे सारखे हाताळले जाते त्याला मेण बरे. मुठीत, फटींत आणि खोल खाचांत तेल बरे, कारण ते आत शिरते. मात्र तेल खाली ओघळते आणि धूळ धरते, म्हणून जून ते ऑक्टोबर दर महिन्याला पुसून नवे लावावे. फवारणीचे स्वस्त तेल काही आठवड्यांत उडून जाते, त्यावर पावसाळा काढता येत नाही.

ठेवायची जागा

म्यानात ठेवणे ही सर्वांत महागात पडणारी सवय आहे. चामड्यात टॅनिन, लाकडात आम्ल, मखमलीत ओल. पाते आणि म्यान कायम वेगळे ठेवावे, दोघांवर सारख्या क्रमांकाची चिठ्ठी बांधावी.

पावसाच्या बाजूची भिंत, स्वयंपाकघर आणि बाथरूमलगतची भिंत टाळावी. प्लायवूड, एमडीएफ आणि नव्या रंगाच्या कपाटातून आम्लवाफा निघतात, रबर आणि पीव्हीसीही लोखंडाला वाईट. झाकण घट्ट बसणारी पॉलिप्रोपिलिनची लांब पेटी, आत पांढरा पॉलिथिलिन फोम आणि १०० लिटरला साधारण ५०० ग्रॅम ते १ किलो नारिंगी सिलिका जेल. जेल हिरवट झाले की भट्टीत ११०-१२० अंशांवर २-३ तास सुकवावे. आत छोटा आर्द्रतामापक ठेवा. लोखंडाला ४० टक्क्यांच्या खाली राहिले तर उत्तम, पण लाकडी-चामडी म्यानासाठी ४५ ते ५५ टक्के हवेत, नाहीतर ते तडकते. दोघांची पेटी वेगळी असण्याचे हे दुसरे कारण. एसीच्या खोलीतून पेटी बाहेर आणल्यावर दोन-तीन तास उघडू नये, थंड पात्यावर लगेच पाणी धरते.

खंडेनवमीच्या पूजेबद्दल संग्राहक घाबरतात, पण पूजा टाळायची गरज नाही. पात्यावर ओले हळद-कुंकू, पंचामृत, नारळाचे पाणी किंवा झेंडूचा रस येऊ देऊ नये. तलवार स्वच्छ कापडावर ठेवून कोरडे कुंकू आणि अक्षता मुठीशी ठेवलेल्या सुपारीवर वाहाव्यात, फूल शेजारी ठेवावे. त्याच संध्याकाळी पाते पुसून, तेलाचा हात देऊन परत पेटीत. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या गडबडीत ते राहून गेले तर हळदीचा डाग आणि त्याखालची गंजाची खूण दिवाळीपर्यंत दिसू लागते.