खाणवाले जनतेला नीट पैसे देतात का, हे कसं तपासायचं

कंपनीने "एवढे कोटी भरले" असं छापलं की लगेच भारावून जाऊ नका, आकडा मोठा आहे म्हणजे वाटा योग्य आहे असं नसतं. बऱ्याच देशांत जमिनीखालचा माल जनतेचा असतो, रॉयल्टी ही त्या मालाची किंमत, उपकार नव्हे.

आधी रॉयल्टीचा दर शोधा, आणि तो विक्रीवर आहे की नफ्यावर ते बघा, कारण नफा कागदावर गायब करता येतो, टनात निघालेला माल लपवणं त्यामानाने अवघड. अमेरिकेत तर 1872 च्या कायद्यामुळे सरकारी जमिनीतलं सोनं-तांबं काढायला केंद्राला रॉयल्टीच नाही, आणि नॉर्वे तेलाच्या नफ्यावर 78 टक्के टॅक्स घेतो तरी कंपन्या पळून गेल्या नाहीत!

मग स्वतः गणित करा. 10 लाख टन दगड, त्यात 1 टक्का तांबं, म्हणजे 10 हजार टन, थोडं प्रोसेसिंगमध्ये जातं ते वजा करा, उरलेल्याला बाजारभावाने गुणा आणि कंपनीने दाखवलेल्या विक्रीशी ताडून बघा. बराच फरक आला तर माल कुणाला विकला ते बघा, खरी गोम बहुतेक वेळा इथेच असते, स्वतःच्याच दुसऱ्या देशातल्या कंपनीला स्वस्तात विकायचा आणि तिने पुढे पूर्ण भावात.

सरकारला किती मिळाले ते ईआयटीआयच्या (खाण-तेलाच्या पैशांचा हिशेब उघड करायला लावणारा आंतरराष्ट्रीय उपक्रम) रिपोर्टमध्ये सापडतं, तुमचा देश त्यात असेल तर.