बूटस्ट्रॅप १००, आणि झाड चुकलेलं

डीएनएवरून उत्क्रांतीवृक्ष काढणाऱ्या प्रोग्रॅमना काहीही खायला घाला, झाड येतंच. त्यामुळे ते चालवण्याआधी अलाइनमेंट, म्हणजे एकाखाली एक जुळवून मांडलेले सिक्वेन्स, एकदा डोळ्यांखालून घाला. एखादा सिक्वेन्स उलटा राहिलेला असतो. मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकाच्या मधोमध स्टॉप कोडॉन (प्रथिन इथे संपतं असं सांगणारी तीन अक्षरं) दिसला, तर केंद्रकात शिरलेली त्याची निकामी प्रत वाचली गेली असेल. पण आधी मायटोकॉन्ड्रियाचाच जेनेटिक कोड निवडलाय ना ते बघा. प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियात टीजीए म्हणजे स्टॉप नव्हे, ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल.

सगळ्यात जास्त फसवतो तो बूटस्ट्रॅप. जोसेफ फेल्सेनस्टाईन यांनी १९८५ मध्ये तो वंशवृक्षांसाठी आणला. अलाइनमेंटचे स्तंभ पुन्हापुन्हा यादृच्छिकपणे निवडले, तर तोच गट किती वेळा येतो, एवढंच तो सांगतो. गट खरा असण्याची ही शक्यता नव्हे. पद्धतच एका बाजूला झुकलेली असेल, तर चुकीचा गटही शंभरातून शंभर वेळा येईल. झपाट्याने बदललेले दोन वंश केवळ योगायोगाने सारख्या झालेल्या बेसमुळे (डीएनएच्या अक्षरांमुळे) शेजारी येतात, म्हणजे लांब फांद्या एकमेकींना ओढतात. अशा स्थितीत पार्सिमनीला (सर्वांत कमी बदल लागणारं झाड निवडणाऱ्या पद्धतीला) जितका जास्त डेटा द्याल तितकी ती चुकीच्या झाडावर ठाम होते, हे फेल्सेनस्टाईन यांनीच १९७८ मध्ये दाखवलं होतं. याच चुकीपायी मायक्रोस्पोरिडिया या परजीवींना आरआरएनएच्या (रायबोसोमच्या आरएनएच्या) झाडांनी केंद्रकी सजीवांच्या अगदी मुळाशी बसवलं होतं; पुढे ते बुरशीचे नातलग निघाले.

अशी शंका आली तर लांब फांदी मध्येच तुटेल असे नातलग घाला, जवळचा आउटग्रुप (तुलनेसाठी घेतलेला गटाबाहेरचा नातलग) घ्या, कोडॉनची तिसरी, सर्वांत झपाट्याने बदलणारी जागा वगळून पाहा. आउटग्रुप काढल्यावर आतली रचनाच बदलली, तर मूळ झाडावर विसंबू नका.

आयक्यू-ट्री या प्रोग्रॅमच्या अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅपला नेहमीचा ७०चा निकष लावणंही सर्रास चालतं. तिथे ९५ पाहायचे असतात. मिस्टर बेझ या बेझियन प्रोग्रॅममध्ये दोन रन जुळले नाहीत किंवा ईएसएस (एकमेकांपासून स्वतंत्र नमुन्यांची परिणामकारक संख्या) २००च्या खाली असेल, तर रन आणखी लांबवा.

आणि एका जनुकाचं झाड म्हणजे प्रजातींचं झाड नव्हे. चिंपांझी आपला सर्वात जवळचा, तरी जीनोमच्या सुमारे ३० टक्के भागात माणूस आणि चिंपांझी एकमेकांच्या जितके जवळ, त्याहून गोरिला त्यांच्यापैकी एकाच्या जास्त जवळ दिसतो. फाटे इतके जवळजवळ फुटले असतील, तर जनुकं नुसती एकापुढे एक जोडू नका; प्रत्येकाचं झाड वेगळं काढून ती सगळी ॲस्ट्रलला, म्हणजे जनुकांच्या झाडांवरून प्रजातींचं झाड काढणाऱ्या प्रोग्रॅमला, द्या.