रोटरी टूलची छोटी करवत: पातळ लाकडात सरळ काप कसा घ्यावा

मॉडेलसाठी प्लायवूडच्या पट्ट्या पाडायच्या, खणाचं पातळ पार्टिशन बसवायचं, फोटोफ्रेमच्या मागचा तक्ता मापाला आणायचा, अशा कामांना मोठी गोल करवत जड पडते. रोटरी टूलला (हातात धरायचं, छोटी अवजारं खूप वेगाने फिरवणारं यंत्र) लागणारी छोटी करवतीची जोडणी इथे उपयोगी येते. मात्र या यंत्राकडे वेग भरपूर आहे आणि ताकद बेताची. साधारण ३२ मिमी व्यासाचं पातं मिनिटाला २० हजार फेरे फिरलं, तर त्याच्या दातांचा वेग ताशी सुमारे १२० किमी होतो. पण तेच पातं जरा दाबून रेटलं की मोटर दबते. पुढचं सगळं तंत्र या एका गोष्टीवर उभं आहे.

ही जोडणी सरळ कापासाठी आहे. वळण घ्यायला गेलात तर पातं कापात आवळलं जातं. लाकूड सुमारे ६ मिमी जाडीपर्यंतचं घ्या. धातू अजिबात नको. दांड्यावर बसवायची उघडी दातेरी चकती ही वेगळी वस्तू आहे. तिच्यावर संरक्षक झाकण नसतं, आणि ती हातात धरून लाकूड कापावं असं मी कुणालाही सांगणार नाही.

जोडणी बसवण्याआधी प्लग काढा, बॅटरीचं टूल असेल तर बॅटरी वेगळी करा. मग टूलच्या तोंडावरची टोपी काढून जोडणी बसवा. कॉलेट (अवजाराचा दांडा पकडणारी छोटी नळी) आणि त्याचा नट काढायचा की ठेवायचा, हे जोडणीप्रमाणे बदलतं, म्हणून तिथे सोबतची पुस्तिका उघडीच ठेवा. पात्यावरचा बाण आणि जोडणीवरचा बाण एकाच दिशेला हवेत. पातं उलटं बसलं तर ते लाकूड कापण्याऐवजी जाळतं. बसवून झालं की पातं बोटाने हळूच फिरवून बघा, कुठे घासत नाही ना.

खरा वेळ द्यायचा तो मांडणीला. माझ्या मते निम्मा काप टेबलावर क्लॅम्प आवळतानाच होतो. लाकडाखाली एक टाकाऊ फळी घाला, म्हणजे पातं आरपार जाऊन टेबलाला चरा पाडणार नाही आणि खालची कडही फाटणार नाही. कापायचं लाकूड फळीसकट घट्ट आवळा. तुटून निघणाऱ्या तुकड्यालाही खालून आधार हवा. तो लोंबकळला तर काप मिटतो, पातं अडकतं आणि टूल हाताला झटका देतं.

रेघ गुण्याने आखा. नुसत्या रेघेवर नजर ठेवून पातं सरळ जात नाही, म्हणून बाजूला एक सरळ पट्टी आवळायची आणि करवतीची बैठक तिला टेकवून सरकवायची. ही पट्टी रेघेपासून किती दूर ठेवायची हे एकदाच शोधावं लागतं: टाकाऊ तुकड्यावर अशीच पट्टी आवळून छोटा काप घ्या आणि पट्टीपासून कापाच्या जवळच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. ते जोडणीवरच लिहून ठेवा. त्याच तुकड्यावर बघा, ढलप्या कुठल्या बाजूला उडतात. खालच्या बाजूला उडत असतील तर चांगली बाजू वर ठेवा, वरच्या बाजूला उडत असतील तर लाकूड पालथं घाला. वीनियर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) असेल तर रेघेवर मास्किंग टेप चिकटवून त्यावरूनच कापा.

आता डोळ्यांवर चष्मा, तोंडाला मास्क. मास्क टाळू नका. लाकडाची बारीक धूळ कर्करोगाला कारण ठरते हे सिद्ध झालेलं आहे, आणि हे पातं अगदी बारीक भुसा उडवतं. सैल बाह्या वर घ्या, केस बांधा, हातमोजे काढून ठेवा.

टूल दोन्ही हातांनी धरा. आधी चालू करा, वेग पूर्ण येऊ द्या, मगच पातं लाकडाला लावा. वेगाची मर्यादा पात्याच्या पाकिटावर असते, ती ओलांडू नका. जोडणीवर कापाची दिशा दाखवणारा जो बाण आहे (पातं फिरण्याचा नव्हे) त्याच दिशेने पुढे सरका, मागे ओढून कापू नका. किती जोराने रेटायचं हे आवाजावरून कळतं. सूर एकसारखा असेल तर बरोबर चाललंय. आवाज खाली बसू लागला की तुम्ही दाबताय, लगेच हात हलका करा. लाकूड काळवंडलं किंवा जळका वास आला, तर तुम्ही फार रेंगाळताय, वेग जास्त आहे किंवा दाते बोथट झालेत. कठीण लाकूड एका दमात आरपार कापायचा आग्रह नको, कापाची खोली बदलता येत असेल तर दोन-तीन फेऱ्यांत कापा. पातं अडकलं तर हिसडू नका. बटण बंद करा, पातं थांबू द्या, मग उचला.

काप संपल्यावरही तेच: पातं पूर्ण थांबेपर्यंत टूल खाली ठेवायचं नाही. मग प्लग काढून दातांवर चिकटलेला डिंक जुन्या टूथब्रशने साफ करा. बोथट वाटणारं पातं बऱ्याचदा डिंकाने नुसतं भरलेलं असतं आणि साफ केल्यावर पुन्हा छान चालतं. कापलेल्या कडेवरून १८० नंबरचा पॉलिश पेपर सपाट ठोकळ्याला गुंडाळून दोनदा फिरवा.